धुरीला ऐकू येणारी गाणी

चंद्रप्रकाश धुरीला इंग्रजी येत नव्हतं. कारखान्यातल्या यंत्रांवर लिहिलेलं असायचं तेवढं यायचं, बाकी थँक्यू आणि सॉरी. तरी बोरीवलीच्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात सकाळी सातपासून इंग्रजी गाणी सुरू व्हायची, आणि तीही साधीसुधी नाहीत. गिटार किंचाळणारी, ड्रम बडवणारी, गाणाऱ्याच्या गळ्याच्या शिरा फुटतील की काय असं वाटायला लावणारी. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला की अडुसष्ट वर्षांच्या माणसाला हे शोभतं का. धुरी उभा राहून म्हणाला, "मग काय शोभतं? मरायचं वय झालं म्हणून आतापासून भजनं लावू?" विषय तिथेच मिटला आणि पाण्याच्या टाकीवर चर्चा सुरू झाली.

हे वेड त्याला साकीनाक्याला लागलं. बाप गिरणीत, घर जोगेश्वरीला लेण्यांच्या मागच्या चाळीत, मूळ गाव आचऱ्याच्या बाजूचं. विसाव्या वर्षी तो एका पत्र्याच्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर लागला. शेडमध्ये अकरा प्रेस होते. एकेक ठोका पडला की पंख्याचा एक भाग कापून बाहेर यायचा आणि पायाखालची जमीन हादरायची. कानात कापूस घालावा असा नियम भिंतीवर लिहिलेला होता. पण कापूस घातला की शेजारचा काय ओरडतोय ते कळत नाही, आणि ते कळलं नाही की बोट जातं. म्हणून कुणी कापूस घालत नसे. धुरीची दहाच्या दहा बोटं शाबूत राहिली याचा त्याला फार अभिमान होता. त्यासाठी आपण काय देऊन बसलो ते कळायला त्याला पंचेचाळीस-पन्नास वर्षं लागली.

शेजारच्या प्रेसवर प्रीतम नावाचा पोरगा होता. त्याचा मामा बोटीवर कामाला. मामानं कुठल्याशा बंदरातून आणलेल्या कॅसेट प्रीतम शेडमध्ये आणायचा आणि शेठ जेवायला गेला की टेप लावायचा. सिनेमातली गोड गाणी त्या धडधडीत वाहून जात. टिकायची ती फक्त ही गाणी. अकरा प्रेस एकीकडे आणि तो बोंबलणारा गोरा एकीकडे, आणि गोरा हार मानत नसे. शब्द एक कळत नव्हता, पण धुरीला त्याची गरजही वाटली नाही. ब्याऐंशीच्या संपात बापाची गिरणी बंद पडली ती कायमची. बाप घरात भिंतीला टेकून गप्प बसायचा, त्याच्यामुळे सगळेच गप्प. धुरी कामावर यायचा, कुणीतरी आपल्या वाटचं ओरडतोय असं त्याला ती गाणी ऐकताना वाटायचं, आणि तो शांत व्हायचा.

शहाऐंशी साली लग्न झालं. जानकी गावाकडची, आणि तिचा आवाज सगळ्या वाडीला माहीत होता. खाडीच्या या काठावरून ती पलीकडच्या होडीवाल्याला हाक मारायची आणि तो निमूट होडी वळवायचा. जोगेश्वरीच्या चाळीत तिनं आपल्या पोरीला, श्वेताला, जेवायला बोलावलं की आजूबाजूच्या चार घरांतली पोरंही उठून आपापल्या घरी जायची. नवऱ्याची गाणी तिला बिलकूल आवडत नसत. "ह्या मेल्याक कोण मारता काय? इतको कित्याक बोंबलता?" असं ती विचारायची. एक प्रेसवर ओरडायला शिकलेला, दुसरी खाडीवर. त्यांच्या संसारात कुजबूज अशी कधी झालीच नाही. त्यामुळे त्याचे कान कधी जायला लागले ते त्यालाही समजलं नाही आणि तिलाही नाही.

निवृत्त झाल्यावर कॅसेट काढून बघितल्या तर सगळ्यांना बुरशी. धुरी दोन दिवस जेवला नाही. मग सहा वर्षांपूर्वी 'साइड बी' नावाचं रेडिओ स्टेशन आलं आणि त्याचा जन्म सार्थकी लागला. या स्टेशनवर फक्त जुनी रॉक गाणी. सगळी मिळून तीनेकशे असतील, तीच फिरवून फिरवून. आज सकाळी लागलेलं गाणं पाच-सहा दिवसांनी पुन्हा लागणार म्हणजे लागणार. मधल्या जाहिराती गुडघ्यांच्या तेलाच्या, मेडिक्लेमच्या आणि कानाच्या मशीनच्या. आपल्याला कोण ऐकतंय ते त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. तरुणपणी जग पेटवून द्यायची गाणी ऐकलेली ही मंडळी आता गरम पाण्याची पिशवी घेऊन बसली होती आणि त्यांना नवीन काहीही नको होतं. गाणं लागलं की पहिल्या दोन ठोक्यांत ओळख पटली पाहिजे, पुढचं सगळं ठरल्यासारखं आलं पाहिजे. गिटार कुठे चढणार, गाणारा कुठे थांबणार, सगळं. बाहेरच्या जगात काहीही धड ठरल्यासारखं होत नव्हतं, इथे व्हायचं. धुरी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसायचा, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर वीस वर्षांच्या पोराचं तेज यायचं. फक्त मध्ये बोलणारी ती प्रांजल नावाची मुलगी त्याला पसंत नव्हती. "आजकालची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात," असं तो म्हणायचा.

चार वर्षांपूर्वी जानकीचा उजवा हात थरथरायला लागला. पार्किन्सन निघाला. पुढे काय काय होत जाईल ते डॉक्टरांनी सांगितलं. चाल मंदावेल, अक्षर बारीक होईल, चेहऱ्यावरचे भाव कमी होतील, आवाज बसेल. बाकी सगळं धुरीनं मान खाली घालून ऐकून घेतलं. आवाजाचं ऐकल्यावर मात्र तो म्हणाला, "तिचा आवाज? तिचा नाय जायचा." आणि त्यानं ते मनावर घेतलं. हात, पाय, चेहरा देवानं न्यायचा तो न्यावा, पण जानकीचा आवाज आपण जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच त्यानं ठरवलं.

आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या उत्तरा मॅडम त्याला देवासारख्या वाटल्या. स्पष्ट बोलायच्या, तोंडाकडे बघून बोलायच्या, त्यांचं प्रत्येक अक्षर कळायचं. त्यांनी सांगितलं, "आवाज रोज वापरला तर टिकेल. वापरला नाही तर जाईल, आणि मग गिळायलाही त्रास होईल, कारण घशाचे स्नायू तेच." रोज एका दमात जमेल तितका वेळ 'आ' म्हणायचा. मग रोजच्या कामाची दहा वाक्यं, जोर लावून. 'चहात साखर कमी घाला', 'मला उठवून बसवा', 'श्वेताला फोन लावा', 'आज मासे कसले आणलेत' अशी. मॅडमनी ती मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिली. जाता जाता त्या धुरीला म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. या आजारात माणसाला वाटतं की आपण मोठ्यानंच बोलतोय. प्रत्यक्षात आवाज बारीक असतो. त्या म्हणतील, मी ओरडतेय. तुम्ही ऐकायचं नाही. त्यांचे कान तुम्ही व्हायचं."

बाई योग्य तेच बोलल्या. माणूस तेवढा चुकीचा होता.

रोज सकाळी अकराला धुरी रेडिओ बंद करायचा. जानकीला खिडकीजवळ बसवायचा, स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला दाराशी खुर्ची टाकून बसायचा आणि म्हणायचा, "हां, कर चालू." सुरुवातीचे काही महिने बरे गेले. मग हळूहळू त्याला तिचं वाक्य अर्धंच पोचायला लागलं, मग नुसता शेवट, मग नुसते ओठ हललेले दिसायचे. त्याला वाटलं, डॉक्टर म्हणाले तसंच होतंय. आजार वाढतोय. तो घाबरला, आणि घाबरला की तो ओरडायचा.

"जोरात!"

"मी जोरातच बोलतंय."

"काय?"

"जोरातच बोलतंय म्हणान सांगतंय!"

"तुका तसा वाटता. मॅडमनी सांगल्यानी ना? पुन्हा म्हण."

ती पुन्हा म्हणायची. सहा-सहा, सात-सात वेळा एकच वाक्य. घसा सोलून निघायचा, खोकल्याची उबळ यायची, डोळ्यांतून पाणी. धुरीच्याही डोळ्यांत पाणी यायचं. तो तिला गरम पाणी द्यायचा आणि म्हणायचा, "उद्या अजून जोर लाव." त्याचं प्रेम खोटं होतं असं कुणी म्हणू नये. प्रेमच होतं, म्हणून तर रविवारचीसुद्धा सुट्टी नव्हती.

मुलगी श्वेता मुलुंडहून दर रविवारी यायची. एकदा तिनं हे सगळं बघितलं आणि बापाला बाजूला घेतलं. "बाबा, आई नीट बोलतेय. मला सगळं ऐकू येतंय. तुम्ही कान दाखवा ना एकदा."

"माझे कान?" धुरी भडकला. त्यानं जाऊन रेडिओ लावला. ओळखीचंच गाणं होतं. "ऐक. आता मागे एक बारीक घंटी वाजेल. लक्ष दे. एक, दोन... ही बघ!" आणि खरोखरच घंटी वाजली. चारचौघांना पटकन ऐकू येणार नाही इतकी बारीक, आणि यानं ती बरोबर पकडली. "ही ज्याला ऐकू येते त्याला आपली बायको ऐकू येणार नाही? तू तिच्या तोंडाशी बसतेस, म्हणून तुला ऐकू येतं." श्वेतानं हात टेकले. घंटी वाजली होती हे तर खरंच होतं.

सकाळी स्वयंपाकाला सुंदराबाई यायची. साताऱ्याकडची, तोंडानं फटकळ, पण जानकीवर जीव. जानकी भिंतीला धरून स्वयंपाकघरात जायची, स्टुलावर बसायची आणि दोघींचं बराच वेळ काहीतरी चालायचं. धुरीला बाहेरून दिसायचं की जानकीचे ओठ हलताहेत आणि सुंदराबाई लाटणं हातात धरून हसतेय. बायकांचं खुणांनी चालतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

गेल्या वर्षी गणपती चार दिवसांवर आले असताना जानकीनं कागद मांडीवरून खाली टाकला. तिनं मान हलवली, एकदा आडवी, ठाम. धुरी उठून जवळ गेला. "काय झालं?" तिनं काहीतरी सांगितलं. त्याला कळलं नाही. "घे कागद." तिनं घेतला नाही. तेव्हा धुरीचा तोल गेला. "तुलाच बरं व्हायचं नसेल तर मी कशाला जीव काढतोय? तीन वर्षं तुझ्यामागे धावतोय मी!" जानकी त्याच्याकडे बघत राहिली. आजारानं तिचा चेहरा आधीच निश्चल झालेला, त्यामुळे तिला किती लागलं ते चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती. पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायची बंद झाली. पाणी हवं असलं की हातानं दाखवायची. व्यायामाच्या वेळी नुसता 'आ' करायची, दहा वाक्यं नाहीत. धुरी दिवसभर रेडिओ लावून बसायला लागला. निदान तिथे तरी कुणी त्याच्याशी मोठ्यानं बोलत होतं.

नोव्हेंबरात स्टेशननं एक जाहिरात केली. श्वेतानं मोबाइलवर वाचून दाखवली. धुरीच्या सगळ्यांत लाडक्या बँडचं एक जुनं रेकॉर्डिंग कुठल्याशा गोदामात सापडलं होतं. पंचेचाळीस वर्षं कुणीही न ऐकलेलं गाणं. गुरुवारी सकाळी साडेदहाला ते पहिल्यांदा लागणार होतं. धुरीला कोण आनंद झाला. ती माणसं म्हातारी झाली, त्यातली दोन मेली, आणि आता त्यांचं नवीन गाणं! गुरुवारी त्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. जानकीलाही शेजारी आणून बसवलं. ती आली. रुसली असली तरी त्याचा आनंद मोडावा असं तिला वाटलं नाही.

साडेदहा झाले. प्रांजल काहीतरी पुटपुटली. मग धप, धप, धप असे ठोके सुरू झाले. त्यांच्यावर कुणीतरी शेजारच्या घरात लोखंडी पेटी ओढत असावं तसा आवाज. धुरी वाट बघत राहिला. आता गिटार येईल, आता तो गाईल. त्यानं रेडिओ उचलला, एरियल फिरवली, कानाशी धरला. धप, धप. पाच मिनिटं तेच, आणि मग संपलं. लगेच पुढचं गाणं लागलं, नेहमीचं, आणि ते खणखणीत! गिटार, घंटी, सगळं जागच्या जागी.

"भंगार रेकॉर्डिंग," तो म्हणाला. "गोदामातच राहू द्यायचं होतं." त्याचा चेहरा पडला होता.

सुंदराबाई स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातानं उभी होती आणि तिची मान डोलत होती. धुरीनं विचारलं, "तुला काय झालं?" ती जवळ आली. "काय न्हाय ओ. तुमच्या त्या बोंबलणाऱ्यांत हे एकच बरं लागलं बघा मला. बासरी लय ग्वाड होती."

"बासरी?"

"मग? पहिल्यापास्नं वाजत होती की. वहिनी पण डोलत होत्या."

धुरीनं जानकीकडे बघितलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

तो रेडिओसमोर बसला. त्याच्या डोक्यात काहीतरी सरकायला लागलं होतं आणि त्याला ते नको होतं. पुढचं गाणं चालू होतं, शेकडो वेळा ऐकलेलं. त्यानं आवाजाचं बटण थोडं खाली केलं. गाणं येतंय. अजून खाली. येतंय. बारीक झालं, पण गिटार स्वच्छ. त्याला धीर आला. बोटं आपोआप टेबलावर वाजायला लागली. गाणारा आता वर चढला, आता ड्रम एकटे, आता सगळे एकदम...

सुंदराबाईनं त्याच्या खांद्याला हात लावला. "दादा, बंद करून काय ठेका धरलाय?"

धुरीनं बटणाकडे बघितलं. ते पार खाली, शेवटाला टेकलेलं होतं. कधी टेकलं ते त्याला माहीत नव्हतं. गाणं अजूनही चालू होतं.

त्यानं बोटं टेबलावरून उचलली. मग सुंदराबाईच्या तोंडाकडे बघत त्यानं विचारलं, "जानकी ती वाक्यं म्हणायची, तेव्हा तुला ऐकू यायची?"

"आता म्हंजे? आतमदी कुकरची शिट्टी चालू असली तरी यायची. मला वाटायचं म्याडमनी सांगितलंय म्हणून तुम्ही मुद्दाम ताणताय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं की. तुम्ही हो हो म्हणालात."

धुरी उठला आणि जानकीच्या पायाशी जमिनीवर बसला. गुडघे दुखायचे म्हणून तो जमिनीवर कधी बसत नसे. "जानकी, माझे कान गेलेत," तो म्हणाला. "तू बोलत होतीस. माकाच ऐकाक येत नव्हता. आणि मी तुका..." तो लहान पोरासारखा रडला. जानकीचे ओठ हलले. ती काय म्हणाली ते त्याला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची त्याला लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी श्वेता त्याला कान तपासायला घेऊन गेली. काचेच्या एका लहान खोलीत त्याला बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. त्यानं सुरुवातीला चार-पाच वेळा दाबलं. मग बराच वेळ तो तयारीत बसून राहिला. शेवटी तपासणाऱ्या मुलीनं दार उघडलं तेव्हा तो म्हणाला, "बाकीचं कधी चालू करताय?" ती म्हणाली, "झालं, काका. संपलं." तिनं कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे थोडी वर होती, मग दरडीवरून खाली पडावी तशी. जाडे आवाज थोडे शिल्लक होते. बारीक आवाज, म्हणजे बायकांचे, मुलांचे, पाखरांचे, जवळजवळ सगळे गेले होते. धुरीनं विचारलं, "मग माझी गाणी?" मुलगी जरा घुटमळली. "ती तुम्हाला पाठ आहेत, काका. कानांना फार काही करावं लागत नाही."

मशीन मिळणार होतं, दोन्ही कानांचं. माप घेतलं, बनून यायला तीन आठवडे सांगितले.

आणि इथे धुरीनं दुसरी चूक केली. पहिली नकळत झाली होती, ही प्रेमानं. घरी येऊन तो जानकीला म्हणाला, "आता घसा राख. दोन वर्षं मी फुकट दमवलं तुला. तीन आठवडे एक अक्षर बोलू नको, 'आ' पण नको. मशीन आलं की पोटभर बोल, मी ऐकत बसतो." ओरडून ओरडून बसलेल्या घशाला विश्रांती द्यावी हे कुणालाही पटेल. उत्तरा मॅडमना विचारायला हवं होतं. पण फोनवर त्याला ऐकू येत नव्हतं, आणि श्वेताला फोन करायला सांगितलं तर दोन वर्षांचं सगळं मॅडमना सांगावं लागलं असतं. त्याला तोंड दाखवायची शरम वाटत होती. त्यानं सुंदराबाईलाही बजावलं की वहिनीशी गप्पा मारायच्या नाहीत. रोज हळद घातलेलं दूध, मध, गरम पाणी. जानकीनं ऐकलं. इतक्या दिवसांनी कुणी तिला जोर लाव म्हणत नव्हतं. ती गप्प बसली, आणि धुरीला ते तिचं समाधान वाटलं.

अठराव्या दिवशी तिला चहाचा ठसका लागला. थांबेचना. संध्याकाळपर्यंत ताप चढला, छातीत कफ भरला. नऊ दिवस ती हॉस्पिटलात होती. उत्तरा मॅडम बघायला आल्या. त्यांनी विचारलं, "व्यायाम चालू होते ना?" श्वेतानं बापाकडे बघितलं. धुरीनं मॅडमच्या ओठांवरून प्रश्न ओळखला होता. त्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मॅडम थोडा वेळ जानकीच्या हातावर हात ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "घरी गेल्यावर पुन्हा सुरू करा. जमेल तेवढं." त्या एरवी इतकं थोडं बोलत नसत.

जानकी घरी आली त्याच आठवड्यात मशीनही आलं, सांगितल्यापेक्षा थोडं उशिरा. श्वेतानं कानांत बसवलं आणि धुरी दचकला. पंखा वाजत होता. खिडकीत कबुतरं घुमत होती. पेला ठेवला तर पेला वाजला, चालला तर त्याच्याच चपला वाजल्या. सुंदराबाई आत भाजी चिरत होती ते बाहेर ऐकू येत होतं. श्वेता म्हणाली, "बाबा," आणि तिचा आवाज मोठा झालाय, बाईमाणसाचा झालाय, हे त्याला आज कळलं. त्यानं रेडिओ लावून बघितला. गाणं त्याचंच होतं, पण पत्र्यावर खरवडल्यासारखं आलं. गाणारा माणूस कुणी भलताच वाटत होता. त्यानं रेडिओ बंद केला.

श्वेता मुलुंडला परत गेली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता धुरीनं जानकीला उशा लावून बसवलं. या वेळी खुर्ची दाराशी नाही, पलंगाला चिकटून घेतली. कागद तिच्यासमोर धरला. "म्हण," तो म्हणाला. "हळू म्हटलंस तरी चालेल."

जानकीनं कागदाकडे बघितलं. श्वास घेतला. तिचे ओठ हलले, व्यवस्थित, एकेक शब्द. धुरी पुढे वाकला. कबुतरं घुमत होती. पंखा. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. जानकीच्या नाकातून हवा आत जाताना ऐकू येत होती, बाहेर येताना ऐकू येत होती. त्या हवेत आवाज नव्हता. धुरीनं कानामागचं बटण दाबून मशीन वाढवलं. पंखा आणखी मोठा झाला.

त्यानं मान वळवली. सुंदराबाई दारात उभी होती. "तुला आलं?" त्यानं विचारलं.

सुंदराबाईनं पदर तोंडाला लावला. "न्हाय, दादा," ती म्हणाली, आणि आत गेली.

जानकी त्याच्याकडे बघत होती. वाट बघत होती. दोन वर्षं तिनं याच खोलीत, याच माणसाच्या तोंडाकडे असंच बघितलं होतं.

"आलं गो," धुरी म्हणाला. "ऐकाक आला. स्वच्छ."

तिच्या डोळ्यांत इतकं काही उजळलं की त्याला खाली बघावं लागलं. तिनं थरथरत्या बोटानं कागदावरची पुढची ओळ दाखवली, श्वास घेतला आणि दुसरं वाक्य म्हणायला लागली.